१६, २२ की २७? अनेक मजकुरांचा एक सारांश यंत्र कसा करतं

१९ जुलै २०२३च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २० तारखेच्या बातम्यांत मृतांचा आकडा १६ पर्यंत गेला होता. २१ला तो २२ झाला. २३ तारखेला शोधकार्य थांबवलं तेव्हा २७ मृतदेह हाती आले होते आणि ५७ जण बेपत्ता होते. यातला एकही आकडा खोटा नाही. ज्या दिवशी जो छापला गेला, त्या दिवशी तो बरोबरच होता.

आता या चार दिवसांतल्या बातम्या, प्रशासनाची प्रसिद्धिपत्रकं आणि बचावपथकांची निवेदनं एका सॉफ्टवेअरला एकदम दिली आणि दीडशे शब्दांत सारांश मागितला, तर त्याने कोणता आकडा लिहावा? जो जास्त वेळा आला तो घ्यावा, असा साधा नियम लावला तर बहुधा १६ येईल, कारण दुर्घटनेच्या बातम्या पहिल्याच दिवशी सर्वाधिक छापल्या जातात. सरासरी काढली तर २१ पूर्णांक काहीतरी येईल, आणि त्याला काही अर्थच नाही. एखादं यंत्र २७ आणि ५७ ची बेरीज करून ‘८४ मृतदेह सापडले’ असं ठोकून देईल. वाक्य सफाईदार असेल, पण ते एकाही बातमीत नसेल.

अनेक मजकुरांच्या सारांशात खरा पेच मजकूर लहान करण्याचा नसतो. कोणतं विधान कोणत्या विधानाची पुनरुक्ती आहे, कोणतं कोणाला खोडतं आणि कोणतं कोणापेक्षा नवं आहे, हे ठरवणं ही खरी मेहनत. एकाच लेखाचा सारांश करताना हे प्रश्न फारसे येत नाहीत, कारण लेखकाने ते आधीच सोडवलेले असतात. पन्नास लेखांत ते कोणीच सोडवलेले नसतात. या क्षेत्रात काम करणाऱ्या द्रागोमिर रादेव यांनी २००० साली वेगवेगळ्या मजकुरांतल्या वाक्यांमध्ये असू शकणाऱ्या नात्यांची यादी केली, तेव्हा ती २४ वर गेली: तेच सांगणं, विरोध करणं, ताजी माहिती देणं, तपशील भरणं, इत्यादी. रोजच्या कामात या चारांवर नीट लक्ष ठेवलं तरी बरंच साधतं.

मजकूर हाती आल्यावर पहिलं काम सफाईचं. ते कंटाळवाणं असतं म्हणून लोक टाळतात, आणि निम्म्या चुका तिथेच रुजतात. वेबपानावरून बातमी उचलली की तिच्यासोबत ‘हेही वाचा’, जाहिरात आणि शेजारच्या बातम्यांचे मथळे येतात. ते काढले नाहीत तर दरडीच्या सारांशात क्रिकेटचा निकाल येतो. मग नकला शोधायच्या. वृत्तसंस्थेची एकच प्रत वीस संकेतस्थळांवर थोड्या फरकाने झळकते. त्या वीस बातम्या म्हणजे वीस साक्षीदार नव्हेत, एकच आहे. यासाठी प्रत्येक मजकुराचे सलग पाच-पाच शब्दांचे तुकडे करतात आणि दोन मजकुरांत किती तुकडे सामाईक आहेत ते मोजतात. दोघांचे मिळून जेवढे वेगवेगळे तुकडे होतात त्यांपैकी ८० टक्के सामाईक निघाले, तर ती नक्कल समजून दोन्ही एका गटात टाकावीत. ८० ही सुरुवातीची खूणगाठ आहे. बातमीच्या मधल्या परिच्छेदात स्थानिक वार्ताहराने स्वतःची भर घातली असेल तर हा उंबरठा तिला नक्कल ठरवू शकतो. म्हणून गटातल्या बाकीच्या प्रती फेकायच्या नाहीत, त्यांच्यातली वेगळी वाक्यं राखून ठेवायची.

मराठीत सफाईच्या जोडीला आणखी एक ओझं असतं. जुन्या पीडीएफ युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतात, त्यांतून मजकूर उचलला की अक्षरांचा नुसता चिवडा मिळतो. अशा वेळी त्या फॉन्टचा परिवर्तक वापरावा लागतो, नाहीतर पान प्रतिमा म्हणून वाचून घ्यावं लागतं. टेसरॅक्टसारखं अक्षरओळख करणारं मोफत साधन मराठी वाचतं, पण आकडे आणि जोडाक्षरं हातानेच तपासावी लागतात. युनिकोडमध्येही ‘दुसऱ्या’ हा शब्द एकाहून अधिक प्रकारे साठवता येतो. ‘ऱ’ हे अक्षर थेट लिहिलेलं असतं, नाहीतर साध्या ‘र’ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून तोच आकार आणलेला असतो. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, यंत्राला दोन वेगळे शब्द वाटतात. एकच अक्षर वेगवेगळ्या प्रकारे साठवलेलं असेल तर ते एका रूपात आणणारं युनिकोडचं नेहमीचं एनएफसी प्रमाणीकरण ही दुसरी तऱ्हा दुरुस्त करत नाही. तो नियम आपला आपण लिहावा लागतो. देवनागरी आणि इंग्रजी आकडेही सुरुवातीलाच एका रूपात आणावेत, म्हणजे २७ हा दोन वेगवेगळ्या आकड्यांत मोजला जात नाही.

वाक्यं तोडताना पूर्णविरामावर विसंबून चालत नाही. ‘डॉ.’, ‘रु.’, ‘कि. मी.’, नावाच्या आद्याक्षरांनंतरचा टिंब, या प्रत्येक ठिकाणी यंत्र वाक्य संपलं असं समजतं. अशा लघुरूपांची शंभरेक नोंदींची यादी करून ठेवली तर बहुतेक प्रश्न मिटतो.

शब्द तोडण्याची गोष्ट त्याहून गंभीर आहे. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतली सायकिट-लर्न ही लायब्ररी (तयार कोडचा संच) शब्दमोजणीसाठी सर्रास वापरली जाते. तिची मूळ मांडणी काना-मात्रा-वेलांटीला अक्षराचा भाग मानत नाही आणि एकाक्षरी तुकडे टाकून देते. परिणामी ‘मराठी’चं ‘मर’ होतं आणि ‘पाऊस’चा ‘ऊस’ होतो. ‘पाणी’ तर पूर्ण नाहीसं होतं. कुठेही चूक झाल्याचा इशारा येत नाही, प्रोग्रॅम नीट चालतो, उत्तरही मिळतं. म्हणून मराठी मजकूर दिल्यावर पहिल्यांदा शब्दांची यादी छापून डोळ्यांनी पाहावी. रिकाम्या जागेवर शब्द तोडून विरामचिन्हं झाडून टाकणारा साधा नियमसुद्धा इथे जास्त भरवशाचा ठरतो.

वेगवेगळ्या प्रकारच्या मजकुरांत महत्त्वाची गोष्ट वेगवेगळ्या जागी असते, हेही यंत्राला सांगावं लागतं. बातमीत ती पहिल्या दोन-तीन वाक्यांत असते. म्हणूनच ‘पहिली तीन वाक्यं उचला’ हा बाळबोध उपाय बातम्यांच्या सारांशात अजूनही बऱ्याच हुशार पद्धतींना घाम फोडतो. महाराष्ट्र शासनाच्या जीआरमध्ये मात्र आधी संदर्भ, मग प्रस्तावना आणि त्यानंतर ‘शासन निर्णय’ या शीर्षकाखाली खरा निर्णय येतो. तिथे पहिली तीन वाक्यं घेतली तर जुन्या जीआरचे क्रमांक हाती लागतात. न्यायालयाच्या निकालात आदेश शेवटी असतो, आणि मध्ये दोन्ही पक्षांचे युक्तिवाद असतात. ते न्यायालयाचं मत म्हणून उचलले गेले तर सारांश उलटाच होतो. त्यामुळे प्रत्येक मजकुराला त्याचा प्रकार, स्रोत आणि प्रसिद्धीची वेळ ही तीन लेबलं सफाईच्या वेळीच चिकटवावीत. नंतर ती शोधता येत नाहीत.

यानंतर निवड. या कामाची सुरुवात १९५८ साली आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी केली. मजकुरात वारंवार येणारे, पण ‘आणि’, ‘आहे’ यांसारखे भरीचे नसलेले शब्द शोधायचे आणि असे शब्द जिथे दाटीने येतात ती वाक्यं उचलायची, अशी त्यांची कल्पना. १९७२मध्ये कॅरन स्पार्क जोन्स यांनी तिला आवश्यक तो तोल दिला: जो शब्द सगळ्याच मजकुरांत येतो त्याचं वजन कमी, जो मोजक्या मजकुरांत येतो त्याचं जास्त.

पण एका मजकुरासाठी बनलेली ही पद्धत पन्नासांवर चालवली की एकच गोष्ट पाच वेगवेगळ्या शब्दांत निवडून येते, कारण ती पाचही वाक्यं महत्त्वाचीच असतात. यावरचा उतारा जेम कार्बोनेल आणि जेड गोल्डस्टीन यांनी १९९८मध्ये मांडला, आणि तो इतका साधा आहे की आजही पहिल्यांदा तोच लावून पाहावा. वाक्य निवडताना त्याच्या महत्त्वातून, आधी निवडलेल्या वाक्यांशी असलेल्या त्याच्या साम्याची वजाबाकी करायची. महत्त्वाला ०.७ आणि साम्याला ०.३ असं वजन धरू.

समजा, पुण्यातल्या पावसाच्या बातम्या आहेत. ‘खडकवासला धरणातून मुठेत विसर्ग वाढवला’ हे वाक्य आधीच निवडलं आहे. दुसरं वाक्य: ‘मुठा नदीत खडकवासल्यातून जादा पाणी सोडलं’. त्याचं महत्त्व ०.८५, पण पहिल्याशी साम्य ०.९. तिसरं वाक्य: ‘भिडे पूल पाण्याखाली, वाहतूक बंद’. महत्त्व ०.६, साम्य फक्त ०.१. दुसऱ्या वाक्याचे गुण ०.५९५ वजा ०.२७, म्हणजे ०.३२५. तिसऱ्याचे ०.४२ वजा ०.०३, म्हणजे ०.३९. तिसरं जिंकतं, आणि वाचणाऱ्याला घराबाहेर पडण्याआधी हवी असलेली माहिती सारांशात येते.

इथलं साम्य मात्र शब्दांच्या जुळणीवर मोजलं तर मराठी दगा देते. इर्शाळवाडी, इर्शाळवाडीत, इर्शाळवाडीतील, इर्शाळवाडीकडे ही एकाच गावाची चार रूपं. नुसता प्रत्यय कापूनही भागत नाही, कारण सामान्यरूपात मूळ शब्दच बदलतो: पाऊस, पावसामुळे, पूल, पुलावर. त्यामुळे आता वाक्याचा अर्थ आकड्यांच्या एका लांब रांगेत बसवणारी मॉडेल वापरतात आणि दोन रांगांमधलं अंतर मोजतात. पुण्याच्या एल-थ्री-क्यूब या गटाने खास मराठीसाठी महाबर्ट आणि महाएसबर्ट ही मॉडेल तयार करून खुली केली आहेत. ‘विसर्ग वाढवला’ आणि ‘जादा पाणी सोडलं’ यांतला सारखेपणा ती ओळखतात. पण ‘पूल वाहतुकीसाठी खुला’ आणि ‘पूल वाहतुकीसाठी बंद’ ही दोन वाक्यंही अशा मॉडेलला जवळजवळ सारखी वाटू शकतात, कारण विषय एकच आहे. साम्य म्हणजे सहमती नव्हे. एका गटात पडलेल्या वाक्यांमध्ये विरोध आहे का, हे वेगळ्या पायरीत तपासावंच लागतं. गट करण्यासाठी ०.७५ साम्यापासून सुरुवात करावी, आपल्याच मजकुरातल्या पन्नास जोड्या हाताने ‘एकच/वेगळं’ अशा तपासाव्यात, आणि मग उंबरठा वरखाली करावा.

२००४मध्ये आलेली लेक्सरँक ही पद्धत हेच साम्य वापरते, पण जाळं विणून. प्रत्येक वाक्य म्हणजे एक गाठ, सारखी वाक्यं धाग्याने जोडलेली, आणि ज्या गाठीला महत्त्वाच्या गाठींकडून जास्त धागे येतात ते वाक्य वर. अनेक स्रोत ज्याला दुजोरा देतात ते या पद्धतीत आपोआप वर येतं. त्याच कारणाने एकाच वार्ताहराने शोधलेली, पण सगळ्यात महत्त्वाची बातमी तळाला जाते. नकला आधी काढल्या नसतील तर वृत्तसंस्थेची प्रत या जाळ्यात सगळ्यांवर मात करते.

मूळ वाक्यं जशीच्या तशी उचलण्याचा मोठा फायदा हा की ती यंत्राने मनाने रचलेली नसतात. तोटा असा की ती मूळ जागेवरून उखडलेली असतात. ‘त्यांनी तातडीने मदत जाहीर केली’ या वाक्यातले ‘ते’ कोण? मराठीत कर्ता गाळायची सोय असल्याने नुसतं ‘राजीनामा दिला’ असंही वाक्य निवडून येतं. ‘काल’, ‘आज सकाळी’ हे शब्द तर चार वेगवेगळ्या तारखांच्या बातम्यांतून एकत्र आले की पूर्ण दिशाभूल करतात. म्हणून ‘काल’चं रूपांतर प्रसिद्धीच्या तारखेवरून खऱ्या तारखेत आधीच करून घ्यावं.

आता बहुतेक जण हे काम चॅटजीपीटीसारख्या मोठ्या भाषा-मॉडेलकडे देतात. ते वाक्यं उचलत नाही, नव्याने लिहितं. ओघ येतो, सर्वनामं जुळतात, पुनरुक्ती जाते. पण मोठा गठ्ठा एका दमात देऊन ‘सारांश कर’ म्हणणं चुकीचं आहे, आणि त्याची कारणं माहीत आहेत. लांबलचक मजकुराच्या सुरुवातीची आणि शेवटची माहिती मॉडेल चांगली वापरतं, मधली निसटते, हे २०२३च्या एका बहुचर्चित अभ्यासात मोजून दाखवलं गेलं. मॉडेल मजकूर लहान तुकड्यांत तोडून वाचतं आणि एका वेळी ठरावीकच तुकडे घेऊ शकतं; देवनागरी मजकुराचे तुकडे इंग्रजीपेक्षा जास्त होतात, म्हणून तेवढ्याच जागेत मराठी बातम्या कमी मावतात. गठ्ठ्याचे भाग करून प्रत्येकाचा सारांश आणि मग सारांशांचा सारांश, हा दुसरा लोकप्रिय मार्ग. त्यात पहिल्या पायरीला गाळलेली तारीख दुसऱ्या पायरीला परत मिळत नाही. १६ आणि २७ वरच्या पायरीत पोहोचतात, पण कोणता कधीचा हे खालीच राहिलेलं असतं.

त्यापेक्षा आधी विधानांचा तक्ता करावा. एका वेळी एकच मजकूर मॉडेलला द्यावा आणि त्यातून पाच ते दहा विधानं काढून घ्यावीत. प्रत्येक विधानासाठी रकाने ठरलेले: काय घडलं, कुठे, कोणाच्या हवाल्याने, आकडा, एकक, घटनेची वेळ, प्रसिद्धीची वेळ, मजकुराचा क्रमांक, आणि ज्या मूळ वाक्यावरून ते काढलं ते वाक्य जसंच्या तसं. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. ते वाक्य मूळ मजकुरात अक्षरशः सापडतं का हे साध्या शब्दशोधाने तपासता येतं. सापडलं नाही तर ते विधान बाद. चाळीस मजकुरांतून अशी दोनशे ते चारशे विधानं निघतील. त्यांचे साम्यावरून गट करावेत. साठ-सत्तर गट उरले तर ते माणसाला एका बैठकीत वाचता येतात.

मग प्रत्येक गटातला वाद मिटवायचा, आणि इथे नियम माणसाने द्यायचे. मृत, जखमी, बाधित गावं असे वाढत जाणारे आकडे असतील तर आकडा कोणत्या वेळेचा आहे ते पाहून सर्वात ताजा अधिकृत आकडा घ्यायचा आणि त्याला तारीख लावायची. ताजा आकडा आधीच्यापेक्षा कमी असेल तर थांबायचं. एखाद्याची ओळख पटून दुरुस्ती झाली असेल, किंवा कोणी फक्त एका गावाचा आकडा दिला असेल. धरणाचा विसर्ग खालीवर होत राहतो, म्हणून तिथे वेळ नसलेला आकडा घ्यायचाच नाही. एककं जुळवताना क्युसेक आणि टीएमसी यांची गल्लत होते. पहिलं पाणी सोडण्याचा वेग सांगतं, सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सुमारे २८.३ लिटर. दुसरं साठा सांगतं, १०० कोटी घनफूट. यंत्र दोन्हीला ‘पाणी’ समजून एकाच्या जागी दुसरं लिहितं. प्रशासन आणि प्रत्यक्षदर्शी यांच्यात मतभेद असेल तर कोण खरं हे सारांशाने ठरवू नये. दोघांची नावं लावून दोन्ही विधानं द्यावीत. अशा ठिकाणी मधलाच आकडा काढणारं सॉफ्टवेअर बंद ठेवलेलं बरं.

लेखन सर्वात शेवटी. मॉडेलला मूळ मजकूर न देता फक्त निवडलेली विधानं द्यायची आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी विधानाचा क्रमांक लिहायला लावायचं. मराठीत या पायरीवर एक चूक वारंवार होते. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येतं आणि शंका, नकार, ऐकीवपणा हे सगळं त्याच्याही मागे लटकलेलं असतं: ‘ठेकेदाराने निकृष्ट साहित्य वापरल्याचा आरोप आहे’, ‘पूल बंद करण्यात आलेला नाही’, ‘दोघे अडकले असल्याचे समजते’. मजकूर आखडताना ही शेपूट कापली की ‘ठेकेदाराने निकृष्ट साहित्य वापरलं’ असं उरतं, आणि आरोपाची वस्तुस्थिती होते. तक्त्यात ‘विधानाचा दर्जा’ असा रकाना ठेवून त्यात ‘पुष्टी झालेलं’, ‘आरोप’, ‘ऐकीव’ किंवा ‘नाकारलेलं’ यांपैकी एक भरावं आणि अंतिम वाक्यात तो दर्जा उतरला आहे का हे वेगळं तपासावं. दुसरी चूक एकाच आडनावाची. तीन बातम्यांतले तीन ‘पाटील’ एका वाक्यात एकच माणूस होऊन बसतात. पूर्ण नाव आणि पद तक्त्यातच भरलेलं असेल तर हे टळतं.

सारांश चांगला झाला की नाही हे मोजण्यासाठी २००४पासून रूज हे माप चालतं. माणसाने लिहिलेल्या सारांशातले किती शब्द आणि शब्दजोड्या यंत्राच्या सारांशात आल्या, ते मोजायचं. त्याची गूगलने दिलेली प्रचलित पायथन आवृत्ती रोमन अक्षरं आणि इंग्रजी आकडे सोडून बाकी सगळं पुसून टाकते. शुद्ध देवनागरी सारांशाला त्यामुळे शून्य गुण मिळतात, आणि मध्ये इंग्रजी आकडे असले तर केवळ त्यांच्यावर गुण ठरतात. मराठीसाठी शब्दतोडणी बदलूनच हे माप वापरावं. तरीही ‘१६ मृत’ आणि ‘२७ मृत’ या दोन सारांशांत त्याला एका शब्दाचाच फरक दिसतो, कारण हे माप शब्द मोजतं, खरं-खोटं नाही. त्याच वर्षी अ‍ॅनी नेन्कोव्हा आणि रेबेका पॅसोनो यांनी मांडलेली पिरॅमिड पद्धत जास्त मेहनतीची आणि जास्त प्रामाणिक आहे. चार जणांकडून स्वतंत्र सारांश लिहून घ्यायचे, त्यांतले मुद्दे वेगळे काढायचे. जो मुद्दा चौघांनी घेतला त्याला चार गुण, एकानेच घेतला त्याला एक. आपल्या कामापुरते असे दहा गठ्ठे तयार करून ठेवले तर पद्धतीतला प्रत्येक बदल त्यांच्यावर तपासता येतो.

रोजच्या वापरासाठी किमान एवढी चाळणी ठेवावी: सारांशातला प्रत्येक आकडा, प्रत्येक विशेषनाम आणि प्रत्येक तारीख ज्या विधानाचा क्रमांक दिला आहे त्यात आहे का, हे संगणकाने आपोआप पाहावं, आणि नसलेलं वाक्य लाल करून माणसापुढे ठेवावं. ८४चा आकडा इथेच पकडला जातो, कारण तो कोणत्याही मृतदेहांच्या विधानात नसतो.

या वाटेने गेलेल्या इर्शाळवाडीच्या सारांशातली आकड्यांची ओळ अशी येईल: ‘२३ जुलै २०२३ रोजी शोधकार्य थांबेपर्यंत २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ता होते. (२० जुलैला मृतांची नोंद १६, २१ जुलैला २२.)’